धुवायचे तांदूळ

"कोण?" आतून बाईचा आवाज आला.

काशीनाथ म्हात्रेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जिभेवर आलं होतं 'गिरणीवाला'. तीस वर्षांची सवय. पण गिरणीवालाच दळण घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभा, हे कोणाला पटलं असतं? उजव्या हातात तांदळाचा पाच किलोचा स्टीलचा डबा, डाव्या हातात छोटी कापडी पिशवी. लिफ्ट चालू असून तो चार मजले जिन्यानं चढला होता, कारण लिफ्ट फार लवकर पोचवते. डबा खाली ठेवून त्यानं चॉकलेटी दाराला पंजा टेकवला आणि दम खाल्ला.

"मी काशीनाथ," तो म्हणाला. "मुर्ध्याचा."

दार उघडलं. सुचेता आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या मागे जिन्यावर कोण लपलंय का ते बघितलं.

"आता काय नवीन गंमत?"

तिचंही बरोबरच होतं. काशीनाथ सरळ कामाला आला आहे, यावर मुर्धा नाक्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

नाक्यावरच्या त्या गिरणीतून माणूस नुसतं पीठ घेऊन कधी परत गेलाच नाही. काळ्या नाहीतर निळ्या शर्टातला कोणी दिसला की काशीनाथ प्रेमानं त्याच्या पाठीवर थाप द्यायचा, "काय भाऊ, बरं हाय ना?" तो भाऊ तसाच बसमध्ये, तसाच ऑफिसात. पाठीवर पिठाचा पांढराशुभ्र पंजा. अर्धं भाईंदर काशीनाथचा पंजा घेऊन कामाला जाऊन आलं असेल. उत्तनच्या बसचा एक कंडक्टर तर बसायच्या आधी शर्ट काढून बघायचा. लोक चिडायचे, शिव्या घालायचे, आणि पुढच्या दळणाला परत त्याच्याकडेच यायचे. दुसरी गिरणी लांब होती, हे एक. आणि इतकं हसायला दुसरीकडे मिळत नव्हतं, हे दुसरं.

त्याला राग होता फक्त घरघंटीचा. खाडीच्या बाजूला टॉवर उभे राहिले, टॉवरमध्ये बायका आल्या आणि बायकांच्या स्वयंपाकघरात ती कपाटासारखी पेटी आली. "कपाटात कपडे ठेवतात, पीठ दळतात काय?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

सुचेता आठ वर्षांपूर्वी परळहून या टॉवरमध्ये राहायला आली होती. पहिल्याच दिवशी गिरणीत आली ती एक डबा आणि एक छोटी पिशवी घेऊन.

"भाऊ, मला गहू अजिबात चालत नाही. आजार आहे, सिलिॲक म्हणतात. थोडासा जरी पोटात गेला तरी आतडी खराब होतात. माझे तांदूळ दळायच्या आधी गिरणी साफ कराल? आणि या पिशवीतले अर्धा किलो आधी फिरवा आणि ते पीठ फेकून द्या. हे नुसते धुवायचे तांदूळ."

"धुवायचे?"

"म्हणजे गिरणी धुवायचे."

रांगेत सात-आठ जण उभे. काशीनाथला आणखी काय पाहिजे? त्यानं पाना घेतला, पत्र्यावर चार ठोके हाणले. पीठ पडतं तिथली कापडी सोंड दोनदा झटकली. वाकून आत जोरात फुंकर मारली आणि वळून म्हणाला, "झाली ताई, गिरणीची अंघोळ झाली. आता पावडर लावू काय?"

रांग हसली. सुचेताही हसली. तिला वाटलं, माणूस गमत्या आहे पण कामाचा आहे. तिचं लक्ष नाही बघून काशीनाथनं ती छोटी पिशवी बाकाखाली सरकवली आणि डब्यातले तांदूळ सरळ ओतले. आताच कोणाचे तरी दहा किलो गहू निघाले होते. दगड अजून गरम होता.

धुवायचे तांदूळ संध्याकाळी घरी गेले, कोंबड्यांना.

हे दीड वर्ष चाललं. दर पंधरा दिवसांनी ती यायची, दर पंधरा दिवसांनी गिरणीची अंघोळ व्हायची. ती गेली की रांगेतली हंसाबेन विचारायची, "काशीनाथभाई, आज साबुन लगाया के नहीं?" आणि पुन्हा एकदा हसणं. एका गणपतीत तर सुचेतानं त्याच पिठाचे मोदक आणून दिले. म्हणाली, "तुमच्यामुळे मला दोन घास निवांत खाता येतात, भाऊ." काशीनाथनं मोदक खाल्ले. छान झाले होते.

मग एका रविवारी ती नवऱ्याला घेऊन आली. ती वाळली होती, केस विरळ झाले होते. रांगेत उभ्या उभ्या तिचा नवरा जितेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला विचारा काशीनाथ, चोरून काय खाते ते. दीड वर्ष झालं, रिपोर्ट जागचा हलत नाही. डॉक्टरपण म्हणतात, बाई लपवतायत."

"ताई, बेकरी कुठली तेवढं सांगा," काशीनाथ म्हणाला. "आमीपण जाऊ."

सगळे हसले. जितेंद्र सगळ्यात मोठ्यानं. सुचेतानं डबा उचलला, मान खाली घातली आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. महिन्याभरानं टॉवरच्या गेटवर टेम्पोतून एक खोका उतरला. खोक्यावर घरघंटीचं चित्र. काशीनाथ ते बघून थुंकला आणि विसरून गेला.

आठवण आली ती थेट मागच्या महिन्यात.

दोन वर्षांपासून त्याचं पोट बिघडलेलं. पट्ट्याला आधी एक भोक नवीन पाडलं, मग दुसरं. जिना चढला की धाप. रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली, आणि सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तेच नाव घेतलं. सिलिॲक. गहू, मैदा, रवा, जव बंद. जन्मभर.

काशीनाथ दवाखान्यातच हसला. "गहू बंद? डॉक्टर, आमी आगरी मानसं. तांदलाची भाकरी आन् मावरं. चपाती आमच्यात पाव्हण्यांना असते."

वडापाव सोडला. बिस्किटं सोडली. बायकोनं, रंभानं, डबीतला हिंगसुद्धा फेकला, कारण हिंगात पीठ मिसळतात असं डॉक्टर म्हणाले होते. सहा महिने नुसती भाकरी, भात, मासळी. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला तो जिथल्या तिथे.

"चोरून खाताव तुमी," रंभा म्हणाली.

"न्हाय गं. तुझी शप्पत."

"तुमची शप्पत? नाक्याव जाऊन इचारा, कोण मानतंय." तिनं त्याच्या शर्टाचे खिसे उलटे केले. तोंडाचा वास घेतला. जन्मभर सगळ्यांना फसवून हसवलेला माणूस पहिल्यांदा खरं बोलत होता, आणि घरातलंच माणूस मान हलवत होतं.

डॉक्टरांनी रंभाला बाहेर बसवलं. "आता मला खरं सांगा. कधीतरी एखादा पाव?"

"देवाशप्पत न्हाय."

"मग भाकरीचं पीठ कुठून आणता?"

"आनू कशाला?" काशीनाथ ताठ बसला. "माझीच गिरण हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिथं गहूपण दळता?"

पुढचं ते समजावून सांगत होते. दगडात अडकलेलं चिमूटभर गव्हाचं पीठही पुरतं, दिवसभर उडणारी धूळ नाकातोंडातून पोटात जाते, हे काम आता सोडावं लागेल. काशीनाथला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. त्याला बाकाखालची छोटी पिशवी दिसत होती. एक नाही. एकामागून एक.

परतताना रिक्षात रंभा रडली. "तुमी खरं बोलत व्हतंव. मीच उगाच बोलली." त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि आज तो इथे, चौथ्या मजल्यावर.

"गंमत न्हाय, ताई," तो म्हणाला. "तुमचा आजार मनापण झालाय."

सुचेताचा चेहरा बदलला. "अरे देवा. किती बारीक झालात तुम्ही. आत या ना."

"नको. अंगावर गव्हाचं पीठ हाय. सरळ गिरणीतून आलोय." त्यानं डब्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या चक्कीत एवढं दळून मिळंल काय? माझ्या गिरणीतलं मना चालत न्हाय."

"मिळेल की. त्यात काय एवढं?" ती डबा उचलायला वाकली.

"थांबा. आधी एक सांगायचंय. हसू नका."

आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाला हसू नका म्हणाला होता. मग त्यानं सांगितलं. पान्याचे ठोके, सोंड, फुंकर, बाकाखालची पिशवी, कोंबड्या. सवयीनं तोंडावर थोडं हसू यायला बघत होतं, ते त्यानं दोनदा पुसलं.

सुचेता डब्याच्या कडीला धरून तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली. ओरडली नाही. आत वळून म्हणाली, "अहो, जरा बाहेर या."

जितेंद्र हातात रिमोट घेऊन आला. "अरे काशीनाथ! माझ्या ऑफिसच्या शर्टावर पंजा मारला होतास, आठवतं? साहेब म्हणाले, आज कोणी शाबासकी दिली?"

"आठवतं, साहेब."

"सांगा त्यांना," सुचेता म्हणाली. "मला सांगितलंत तसंच."

शेकडो किस्से रंगवून सांगितलेल्या माणसाला हा एक किस्सा कुठून सुरू करायचा ते कळेना. तो चौकटीच्या लाकडाकडे बघत म्हणाला, "साहेब, ताईंनी चोरून कधी खाल्लं न्हाय. मी गिरण धुतलीच न्हाय. दीड वरीस. नुसती नाटकं केली."

जितेंद्र हसायच्या तयारीत थांबला होता. "मग?"

"मग काय न्हाय. इतकंच."

शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. जितेंद्रनं रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अरे... जाऊ दे. जुनी गोष्ट झाली आता."

"तुम्ही माझी पर्स उलटी केली होती," सुचेता म्हणाली. आवाज भाजीचा भाव सांगावा तसा. "खाली बसून बिस्किटाचा चुरा शोधत होतात. तुमच्या आई माझ्या बोटांचा वास घ्यायच्या. शेवटी शेवटी मलाच वाटायचं, झोपेत उठून खाते की काय मी."

जितेंद्र आत गेला. जरा वेळानं टीव्हीचा आवाज बंद झाला.

"गिरणी?" तिनं विचारलं.

"आज शेवटचं दळण काढलं. उद्यापासून शटर बंद."

"मग काय करणार?"

"उत्तनपुढं चौक गावाला मेव्हण्याची बोट हाय. जाळी सांधायला बसंन. तितं गव्हाचा दाना न्हाय."

तिनं डबा उचलला. मग तिची नजर त्याच्या मनगटावरच्या छोट्या पिशवीवर गेली. "हे काय?"

काशीनाथला ते सगळ्यात अवघड गेलं. "धुवायचे."

"माझ्या चक्कीत गहू कधी आलाच नाही. तिला धुवायची गरज नाही." तिनं दार अर्धं लोटलं. मग परत उघडून हात पुढे केला. "पण द्या."

दार लागलं.

काशीनाथ पॅसेजमध्ये एकटा उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा तो दळणाची वाट बघत होता. आत बटण दाबल्याचा आवाज आला आणि ती कपाटासारखी गिरणी सुरू झाली. बारीक, किरकिरी. दगड नाही हिला, त्याला आवाजावरून कळलं, नुसती लोखंडी पाती.

ती थोडा वेळ चालली आणि थांबली. आत भांडं आपटल्याचा, ब्रश फिरवल्याचा आवाज. मग पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी खूप वेळ चालली.

आधी धुवायचे, मग डब्यातले; गिरणीवाल्याला आणखी सांगायला लागत नाही. त्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर बंद दार होतं, आणि चॉकलेटी दारावर, छातीच्या उंचीला, त्याचाच पंजा. पाचही बोटं. पांढराशुभ्र.

सुचेतानं दार उघडलं. डबा गरम होता.

"दर पंधरा दिवसांनी शनिवारी आणा," ती म्हणाली. "अंघोळ करून या."

"व्हय, ताई." त्यानं डबा घेतला, पण हलला नाही. "एक ओला फडका देता काय?"

तिनं त्याच्या नजरेमागून दाराकडे बघितलं. आत जाऊन फडका पिळून आणला आणि त्याच्या हातात दिला. काशीनाथनं पंजा पुसला. फडक्याची घडी उलटी करून पुन्हा पुसला. मग कडीभोवती, चौकटीला, खाली उंबऱ्यापर्यंत, आणि खाली बसून जिथं त्यानं डबा ठेवला होता ती लादीसुद्धा.

सुचेता उभी राहून बघत होती. तो कोपरे नीट पुसतो का, ते बघत होती.