वहीतला रिकामा रकाना

दारातल्या फळीवर बूट ठेवून अँसेल्मनं निवाऱ्यातल्या लोकरी सपाता पायांत सरकवल्या आणि तो तिथंच घुटमळला. माघारी जाणार तरी कुठं? खाली हिमनदी, वर कडा, आणि पाठीशी बर्नच्या दंतवैद्य लुथीबाई. त्याचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक. हा निवारा त्यांनीच ठरवला होता, नाहीतर अकरा महिने त्यानं इकडं यायचं टाळलं होतं.

"आला का हा एकदाचा!" फिलोमेना स्वयंपाकघरातून ओरडली. निवारा आता ती एकटीच चालवायची. "म्हटलं, वाट विसरलास की काय! वाटाड्यालाच वाट दाखवायला कोण पाठवायचं?"

"अँसेल्म आणि वाट चुकणार? छे!" लुथीबाई कौतुकानं म्हणाल्या.

अँसेल्मचे कान तापले.

लुथीबाई मोठ्या खोलीत गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. वाटाडे जेवतात ते आत, निवारेवालीच्या टेबलावर. खिडकीपाशची जागा सव्वीस वर्षं अँसेल्मची होती. आजही त्याचा वाडगा तिथंच मांडलेला पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थिओडुल कसा आहे?" त्यानं तिच्या नवऱ्याची चौकशी केली.

"खाली गावात कुबडी घेऊन चर्चपर्यंत जातो हल्ली. बाकी दिवसभर खिडकीत दुर्बीण लावून इकडंच बघत बसतो." ती सूप ढवळत म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस, असं सांगितलंय त्यानं. फोनच बंद पडला तर माणूस करणार काय?"

फोन बंद पडला होता, हे खरंच होतं. गेल्या ऑगस्टात अँसेल्म एकटाच चढला होता. निघताना निवाऱ्याच्या नोंदवहीत लिहून गेला होता, 'पूर्वेची धार. बारापर्यंत परत.' शिखरावर ऊन असं छान पडलं होतं, की त्याला पलीकडच्या दरीतली चुलतभावाची खानावळ आठवली आणि तो तिकडंच उतरला. चीज झालं, वाइन झाली, पत्त्यांचा डाव रंगला. खिशातला फोन बंद होता, पण खानावळीचा फोन काउंटरवर हाताच्या अंतरावर होता. 'एवढा डाव संपला की कळवतो,' असं तो तीनदा म्हणाला आणि मग विसरूनच गेला.

आणि वहीत लिहिलेला माणूस परतला नाही, तर कुणीतरी बघायला निघतोच. त्या दिवशी निवाऱ्यात दुसरा वाटाड्या नव्हता. थिओडुल एकटा निघाला, तिन्हीसांजेला बर्फाच्या भेगेत पडला आणि खुबा मोडून बसला. अँसेल्म सगळ्यांना एवढंच सांगत राहिला, की फोन बंद पडला होता. साऱ्या दरीनं ते मानलं. काउंटरवरच्या फोनबद्दल त्यानं ब्र काढला नव्हता.

फिलोमेनानं वही पुढ्यात टाकली. "आधी नाव लिही, मग सूप. आणि हो, मागचंही पान भर. माझ्या हिशेबी तू अजून डोंगरावरच आहेस, बाबा."

तिनं पान उलटून दिलं. त्याच्या नावापुढचा परतीचा रकाना कोरा होता. खालच्या ओळीत थिओडुलचं अक्षर होतं: 'थिओडुल. पाच वाजता. अँसेल्मला बघायला. त्याचं सूप गरम ठेव.' त्यापुढच्या रकान्यात फिलोमेनाचं: 'सकाळी सात. उचलून आणला.'

नुसती वेळ लिहिली असती तरी भागलं असतं. तिला तेवढंच हवं होतं. अँसेल्मनं लिहिलं, 'साडेचार. पलीकडे सुखरूप उतरलो.' साडेचार. थिओडुल निघाला पाचला. अर्धा तास हातात होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की पेन ठेववेना. त्यानं पुढं लिहिलं, 'खानावळीत फोन चालू होता. मी पत्ते खेळत होतो.'

वही त्यानं तिच्याकडं सरकवली. फिलोमेनानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

मग तिनं खिडकीपाशचा वाडगा उचलला, सुपानं काठोकाठ भरला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकापुढं, लुथीबाईंच्या शेजारी ठेवला. अँसेल्म उठला आणि खाली मान घालून तिच्यामागून बाहेर आला.

"अय्या! आज तुम्ही आमच्यात जेवणार?" लुथीबाई हरखून सरकल्या. "केवढा हा आमचा मान!"