दोनदा ठेवलेली काच

तिने काच उजेडाकडे धरली. दाताचा तोच गुलाबी काप, कडेला तीच बारीक घडी. सकाळी मार्गदर्शक मॅडमनी मायक्रोस्कोपखाली याच काचेला ‘उत्तम’ म्हटलं होतं. दुपारी, वेगळा क्रमांक चिकटवून पुन्हा समोर ठेवली, तेव्हा ‘गर विस्कटलेला, बाद’.

दाताचा पातळ काप घ्यायचा तर आधी त्यातलं कॅल्शियम काढून तो मऊ करावा लागतो. नायट्रिक आम्ल ते घाईने करतं, फॉर्मिक जरा दमाने, आणि ईडीटीए आठवडेच्या आठवडे घेतं. यातलं कोणतं आतला नाजूक गर शाबूत ठेवतं, हे काप कोणत्या बरणीतला ते न कळता मॅडमनी ठरवायचं होतं. त्यावर तिचा प्रबंध उभा राहायचा होता. घरोघरी मागून तिने दात जमवले होते. सून हल्ली डोळ्यांत बघून बोलत नाही, दाढांकडे बघते, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

एक काच गुपचूप दोनदा ठेवायची, म्हणजे तपासणाऱ्याचीही तपासणी होते, ही शिस्त मॅडमचीच.

तिचं डोकं भंजाळलं. चिठ्ठ्या बदलल्या असतील? रंग जास्त झाला? तिने बरण्या पाहिल्या, उरलेले दात पुरते मऊ झालेत का, सुई टोचून पाहिलं. सगळं जागच्या जागी. तरी नायट्रिकच्या फाटक्या कापांनाही मधूनच ‘उत्तम’ मिळालेलं. ही एक काच गाळली असती तर कुणी विचारलं नसतं.

शेवटी ती मॅडमच्या मायक्रोस्कोपवर बसली. मॅडम नुकत्याच उठून गेल्या होत्या, फोकसचं चाक त्यांनी ठेवलं तसंच होतं. काच लावली, तर समोर नुसतं दूधपाणी. तिने भिंग पुसलं. दूधपाणीच. कालही असंच दिसलं होतं. कुणीतरी चाक हलवलं असेल म्हणून ती चरफडली होती. जिन्यावर मॅडम हल्ली कठडा चाचपत उतरायच्या, ते तिने गुडघ्यांवर ढकललं होतं.

तिचा हात चाकाशीच राहिला. मागे दार वाजलं.

“जुळलं का?” मॅडमनी विचारलं.

“नाही. माझंच काहीतरी चुकलंय. रंग देताना...”

“रंग तू बरा देतेस.” मॅडम जवळ आल्या. “एक काच दोनदा ठेवली होतीस ना?”

“हो.”

“काय म्हटलं मी तिला?”

तिने खाली बघत सांगितलं, “सकाळी उत्तम. दुपारी बाद.”

मॅडमनी टेबलाची कड चाचपली.

“सासूलाही असंच तोंडावर सांगतेस का गं?”

ती उठू लागली, तर मॅडमनी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

“तीच लावलीयस ना? गराच्या कडेच्या पेशी सांग मला.”

तिने चाक फिरवलं. धुकं हललं, पण निवळेना. मनगट पुरतं वळवावं लागलं, तेव्हा कुठे पेशी एकेक करून उभ्या राहिल्या.

“ओळीने आहेत. मधे फट नाही.”

“चाक किती फिरवावं लागलं?”

चाकावरची बोटं तिने उचलली नाहीत.

“थोडंसंच.”

मॅडमनी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“बरं. सगळ्या पहिल्यापासून लाव. तू बघ, मी ऐकते.”