निरोप झालेल्या मॅडम

आमच्या गावाला निरोप द्यायचा फार चांगला सराव झाला आहे. शाल शिरपूरच्या एकाच दुकानातून येते, दुकानदार आता रंगसुद्धा विचारत नाही. फ्लेक्स कायमचा आहे. त्यावर 'निरोप समारंभ' छापलेलं, आणि नावाच्या जागी नवीन स्टिकर मागच्या सरांवर चिकटवायचा. ती जागा आता एवढी फुगली आहे की लांबून फ्लेक्सला गळू झाल्यासारखं वाटतं. सूत्रसंचालन मी करतो. बीए झाल्यापासून मला मिळालेलं हे एकमेव नियमित काम.

हे सगळे निरोप एकाच शाळेचे, आणि शाळा माझ्या मोठेबाबांची. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, भगवंतराव. भाजीपाला पिकवतात. एका वर्षी ते नागपूरला कृषी प्रदर्शन पाहायला गेले आणि चुकून शेजारच्या मांडवात शिरून एका शिक्षणतज्ज्ञाचं भाषण ऐकून आले. भाषणाचं सार असं होतं की मूल भाषा शिकत नसतं, भाषेत बुडत असतं. त्याच्या आजूबाजूला दुसरी भाषाच ठेवायची नाही. मोठेबाबांना हे तिथल्या तिथे पटलं, कारण त्यांना ते पाण्याच्या हिशेबानं समजलं. आजवर आपण पोट्ट्यांना इंग्रजी ठिबकनं दिलं, ते आल्या आल्या म्हणाले, आता पाट सोडायचा. आठवडाभरात त्यांनी कांदाचाळ रिकामी करून तिची शाळा केली. हवा खेळती. वह्यांना थोडा वास येतो, पण त्याची सवय होते.

नियम दोनच केले. शिक्षक परराज्यातला पाहिजे, ज्याला मराठी येत नाही. आणि गावातल्या कोणीही त्याच्याशी मराठी किंवा हिंदी बोलायचं नाही, नाहीतर तो आपली भाषा शिकेल, मग पोरं त्याच्याशी इंग्रजी कशाला बोलतील? ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर करून शब्द दिला. आमच्या गावाचं नालीवर, रस्त्यावर, अगदी मारुतीच्या पाराला कोणता रंग द्यायचा यावरही कधी एकमत झालेलं नाही. यावर झालं.

आणि गावानं तो शब्द पाळला. इंग्रजी येत नसल्यामुळे तो गप्प राहूनच पाळावा लागला. जगदेव न्हावी गिऱ्हाईक झोपलं तरी त्याच्याशी बोलणारा माणूस, पण सरांची कटिंग तो मुक्यानं करायचा. पंचफुलाकाकू शिक्षकाच्या दारात मेथीची जुडी ठेवून पळून यायच्या, तोंडातून चुकून काही निघू नये म्हणून. शिक्षक रस्त्यानं येताना दिसला की पारावरच्या गप्पा बंद. सगळे आदरानं उठून उभे राहणार आणि तो वळणावर दिसेनासा झाला की बसणार.

इतकं करूनही शिक्षक टिकत नव्हते.

का टिकत नव्हते, हा आमच्याकडे पीकपाण्याच्या खालोखाल चर्चेचा विषय होता. जगदेवचं म्हणणं, आपलं तिखट सोसत नाही. पंचफुलाकाकूंना बोअरच्या पाण्याचा संशय. कोणीतरी वास्तुदोष काढला, तेव्हा शाळेचं दार पश्चिमेचं पूर्वेला आणलं. पुढचे सर पूर्वेच्या दारातून गेले. मोठेबाबांनी शिक्षकाच्या खोलीला कूलर बसवला, मच्छरदाणी दिली, एकाला सायकल दिली. तो त्याच सायकलवर शिरपूरच्या बसस्टँडपर्यंत गेला. कारण विचारलं की प्रत्येक जण सांगायचा, आई आजारी आहे. मोठेबाबांनी यातून निष्कर्ष काढला की शिक्षकांच्या आयांची प्रकृती नाजूक असते, आणि पुढच्या जाहिरातीत 'आईची तब्येत उत्तम असावी' अशी अट टाकली. ओडिशाच्या एका सरांनी जाता जाता मला विचारलं होतं, की या तालुक्यात सगळेच मौन पाळतात की फक्त शिरपूरचे जैन मुनी? मला तो प्रश्न फार खोल वाटला. मी तो पुढच्या सूत्रसंचालनात वापरला.

मग सुशांती टोप्पो मॅडम आल्या. झारखंडच्या, गुमल्याच्या. त्यांच्या हाताखाली पोरं इंग्रजीत भांडायला लागली. इंग्रजीत बोलणं वेगळं आणि भांडणं वेगळं. आयांचा भांडण्यावर जास्त विश्वास बसला. अशातच फेब्रुवारीत मॅडमनी राजीनामा दिला. आई आजारी.

या वेळी पालकांनी बैठकच घेतली. रोज नवा मास्तर, नवे उच्चार, पोट्टे रडतात, आता पुरे. या मॅडम गेल्या तर पोरं जूनपासून मालेगावच्या शाळेत व्हॅननं जातील. मोठेबाबांची नजर चाळीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेली, आणि मला कळलं की ते किती क्विंटल कांदा मावेल ते बघत आहेत. शाळा सुरू केल्यापासून माणूस रोज बूट घालायला लागला होता. त्या दिवशी अनवाणी घरी गेले. बूट शाळेतच राहिले.

निरोप ठरल्या दिवशी झाला. आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. राजीनामा मंजूर झाला की आमचा नियम संपतो. हे कोणी ठरवलेलं नाही, पण जाणाऱ्या माणसाशी न बोलणं आमच्यात बसत नाही. त्यामुळे निरोपाच्या दिवशी सगळं गाव साठलेलं बोलून घेतं. पंचफुलाकाकूंनी मॅडमचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "मेथी कडू तं नव्हती ना वं माय? रोज वाटे विचारावं." जगदेवला गुमल्यात केस कापायचा दर किती आहे ते पाहिजे होतं. कोणाला भावंडं विचारायची होती, कोणाला तिकडचा पाऊस. रांग लागली. मॅडम आधी एका शब्दात उत्तरं देत होत्या. मग हिंदीत दोन वाक्यं. मग हातवारे करून तिकडच्या हत्तींची गोष्ट सांगायला लागल्या, की हत्ती शेतात शिरला तर टिनाचे डबे कसे वाजवतात. गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं. कार्यक्रमाचं अध्यक्षीय भाषण राहूनच गेलं.

फोटो झाल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, की मॅडम, तुम्ही का जाताय? त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. मग मांडीवरच्या नारळाकडे बघत जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माँ ठीक है. मुझे लगा, आप सब मुझसे नाराज़ हैं."

मी म्हटलं, मॅडम, लोक तुम्हाला पाहून उठून उभे राहत होते.

हो, त्या म्हणाल्या. उभे राहत होते आणि गप्प होत होते. त्यांच्याकडे तसं फक्त मयत नेताना करतात.

मी त्यांना नियम समजावून सांगितला. ठिबक, पाट, ग्रामसभा, सगळं. त्यांनी दोनदा विचारलं की मी चेष्टा तर करत नाही ना. माझ्या तोंडाकडे पाहून लोक हे नेहमी विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम बॅग घेऊन फाट्यावर आल्या. सगळे सोडायला आलेले. शिरपूरची बस आली, थांबली, आणि मॅडम न चढताच गेली. मॅडम वळल्या आणि बांधाबांधानं सरळ मोठेबाबांच्या वावराकडे निघाल्या. त्यांच्या मागे अर्थातच गाव.

मोठेबाबा टमाट्याचे कॅरेट भरत होते. मॅडमनी हिंदीत सांगितलं की त्यांना राजीनामा मागे घ्यायचा आहे, लोक बोलणार असतील तर त्या राहतील. पंचफुलाकाकूंनी पदर डोळ्याला लावायची तयारी केली.

मोठेबाबा हातातला टमाटा पुसत म्हणाले, "नाई. राजीनामा मागं घ्याचा नाई."

मॅडमचा चेहरा पार उतरला. मग काकूच पुढे झाल्या. "भगवंतभाऊ, बाई राह्यतो म्हन्ते, अन् तुमाले कांदे भराची घाई होऊन राह्यली काय?"

"आयका तं," मोठेबाबा म्हणाले. "राजीनामा मागं घेतला तं मॅडम नोकरीवर येतीन. नोकरीवर आल्या की नियम लागते. नियम लागला की तुमी मुके. मंग सहा महिन्यानं हा पवन पुन्हा माइक धरीन." पवन म्हणजे मी.

मी सुचवलं की नियमच मोडून टाकावा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी उभ्या पिकात ढोरं सोडा म्हणालो. साऱ्या गावानं हात वर केले होते. तसे हात पुन्हा एका वेळी वर येतील याची त्यांना खात्री नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

"मॅडम गेल्या," त्यांनी निकाल दिला. "राजीनामा मंजूर हाय, नारय देल्ला, फोटो निंगाला. आता त्याहीच्याशी कोनीबी बोला. फकस्त उद्यापासून त्याहीनं रोज शाळेत येत जावं."

हे मॅडमना हिंदीत सांगायचं काम माझ्यावर आलं. सांगताना ते मलाही नीट पटत गेलं. मॅडमनी विचारलं, म्हणजे मी गेलेली आहे? मी म्हटलं, हो. आणि शिकवणार? हो. किती दिवस? मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसाला काय मुदत असते.

मॅडम त्यावर विचार करत उभ्या राहिल्या. बॅग हातातच होती. पाठीमागे पालक कुजबुजत होते की वर्गात इंग्रजी आणि बाहेर आपली भाषा, असं पोट्ट्यांना झेपेल का, व्हॅनवाल्याला हो म्हणावं की नाही. जगदेव म्हणत होता, करून तं पाहू. मोठेबाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. मॅडम समोर होत्या, नियम नव्हता, आणि आजवर त्यांनी मॅडमना इंग्रजीतल्या 'गुड मॉर्निंग'पलीकडे एक शब्द विचारलेला नव्हता. त्यांनी कॅरेट खाली ठेवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या गुमल्याले टमाट्यावर कोन्ती कीड पडते?"

एवढं मॅडमना माझ्याशिवाय समजलं. त्यांनी बॅग बांधावर ठेवली, एक झाड हलकेच वाकवून पानाची खालची बाजू पाहिली, आणि सांगायला लागल्या.