छकुलीने उचललेली बॅटरी

मित्रांनो, मी लष्करी जीपची एक जुनी बॅटरी आहे. कोऱ्हाळे बुद्रुकला लोक माझं कौतुक करायला लागले की तोंड कुठे लपवू असं होतं. पदर असता तर डोक्यावरून ओढून घेतला असता. का, ते सांगते. हसणार नसाल तर सांगते.

माझ्या वेळच्या बॅटऱ्या आजच्यासारख्या प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत नसत. काळ्या टणक रबराचं अंग, पोटात शिशाच्या प्लेटा, वर डांबराचा थर आणि त्यावर उघड्या शिशाच्या जाड पट्ट्या. रूप म्हणाल तर काही नाही. पण वजन! मला जीपमध्ये बसवायला दोन धडधाकट जवान लागायचे. त्या वजनाचा मला कोण ताठा होता!

लष्करातली नोकरी संपली, लिलाव झाला आणि या हातातून त्या हातात जात मी बावड्याला साखरबाईंच्या मळ्यात येऊन पडले. जीव कधीच गेला होता. साखरबाईंनी मला पंपाच्या खोलीच्या दाराला टेकण म्हणून लावलं. कितीही वारा सुटो, दार हलायचं नाही. कोंबड्या माझ्यावर बसायच्या आणि बसून काय करायच्या ते विचारू नका. मला वाटायचं, याहून वाईट दिवस ते कोणते येणार? ते यायचेच होते.

एक दिवस कोऱ्हाळ्याचे विजयसिंह मला शोधत आले. माणूस उसाचा शेतकरी, पण जुन्या गाड्यांचं भारी वेड. लिलावातली एक लष्करी जीप त्यांनी खपून खपून उभी केली होती. रंग, टप, चाकं, सगळं त्या काळातलं. घोडं अडलं होतं बॅटरीपाशी. बारामतीच्या प्रदर्शनात 'जशीच्या तशी गाडी' म्हणून ढाल मिळणार होती आणि बॉनेट उघडल्यावर आत नवी बॅटरी दिसली की गेली ढाल. त्यांनी तालुक्यातले भंगारवाले पालथे घातले होते. मी दिसताच अंगावरची कोंबड्यांची घाण न पुसता त्यांनी मला मिठीच मारली.

पण माझी खरी वाट दुसरंच कोणी बघत होतं.

विजयसिंहांचे वडील दत्तोबा फौजेत ड्रायव्हर होते. त्यांची एक गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. एकाहत्तरच्या लढाईत जखमी जवानांची जीप बॅटरी संपून वाळूत बंद पडली. दत्तोबांची स्वतःची जीप मागे रुतलेली. त्यांनी आपली बॅटरी काढली, पाठीवर घेतली आणि एकट्याने वाळूतून चालत नेली. जीप सुरू झाली, जवान वाचले. दत्तोबांची पाठ मात्र वाकली ती वाकलीच.

गावाला ही थाप वाटायची. दूध डेअरीवरचे आप्पा तर रोज सकाळी चिडवायचे, "आवो दत्तोबा, बॅटरीचं काय कवतिक सांगताय! आमची पोरं मोटारसायकलवर मांडीवर घिऊन जात्यात की!"

"त्या वक्ताची बॅटरी येऊ दे, मग दावतो," दत्तोबा म्हणायचे.

त्यांच्या बाजूने भांडणारं एकच माणूस होतं, विजयसिंहांची धाकटी लेक छकुली. इयत्ता पाचवी, जीभ मात्र वकिलाची. "माजं आबा खोटं बोलत न्हाईत!" म्हणून ती आप्पांच्या अंगावर धावून जायची.

आता बघा काय झालं ते. विजयसिंहांनी मला बावड्यातच बॅटरीचं दुकान चालवणाऱ्या मनिषाताईंकडे नेलं.

"दादा, जुन्या मापाच्या प्लेटा घालून पयल्यासारखी करून देते," मनिषाताई म्हणाल्या. "पन दम धरा. कारखाना सुरू हाय, उसाच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या रांगंत हायत."

"दम कुठला धरू, प्रदर्शन रविवारी हाय! आत एक बारकी नवी बॅटरी बसवा, वरनं डांबर वता. आतलं कोण बघतंय?"

मनिषाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "गाडी तुमची हाय," म्हणाल्या आणि हत्यारं काढली.

माझ्या प्लेटा भंगारात गेल्या. पोटात वहीएवढी नवी बॅटरी आली. तिच्याशी माझं भांडण नाही, बिचारी कामाची होती. पण उरलेल्या जागेत काय भरलं माहीत आहे? थर्माकोल! फौजेतल्या बॅटरीच्या पोटात थर्माकोल! वर प्लायवूड, त्यावर डांबर, शिशाच्या पट्ट्या. दिसायला मी अगदी नवी नवरी.

घरी दत्तोबांनी माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवला. "आलीस व्हय गं बाई," एवढंच बोलले. विजयसिंहांनी सांगायला हवं होतं. ते गप्प राहिले, आणि मला तर वाचाच नव्हती.

रविवारी निम्मं गाव टेम्पोत बसून बारामतीला आलं. परीक्षकांना नीट दिसावी म्हणून मला जीपमधून काढून घोंगडीवर ठेवलं होतं. दत्तोबांनी फौजेतली टोपी घातली होती. परीक्षक शेजारच्या गाडीपाशी पोचले आणि इकडे दत्तोबांनी काठी आपटली.

"या रं! लई हसत हुता न्हवं? उचला हिला. उचलंल त्याला ही काठी बक्षीस!"

कोणी पुढे येईना. तेव्हा छकुलीच पुढे आली. तिला उचलायचं नव्हतंच मुळी. आपल्याला ही बॅटरी हलतसुद्धा नाही, हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. तिने ओढणी खोचली, हातांना माती चोळली, दात आवळले आणि सगळा जोर लावून मला ओढलं.

मी अशी काही वर गेले की पोरगी मागच्या मागे बसली, मांडीत मी.

आप्पा पोट धरून हसायला लागले. "फेकली! दत्तोबांनी थाप फेकली!" सगळा टेम्पो हसत होता. छकुलीचं तोंड एवढंसं झालं. कोंबड्या अंगावर बसल्या तेव्हा मला लाज वाटली होती, पण ती लाज म्हणजे काहीच नव्हे. माझ्या पायी एका खऱ्या माणसाचा शब्द मातीत जात होता.

दत्तोबा वाकले. त्यांनी मला एका हाताने उचलून बघितलं आणि लेकाकडे पाहिलं. विजयसिंह मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात परीक्षक आले.

दत्तोबांनी मला हळूच खाली ठेवलं. "व्हय गड्यांनो," ते हसून म्हणाले, "म्हातारपनी मानूस जरा वाढवून सांगतो."

ढाल आपल्यालाच मिळाली. फोटोसाठी ती माझ्या डोक्यावर ठेवली होती. तो फोटो कृपा करून कोणी बघू नका.

छकुली रोज सकाळी आबांच्या हातात काठी द्यायची. दुसऱ्या दिवशी तिने ती दाराशी टेकवली आणि तशीच मागे फिरली. विजयसिंह चहा पीत होते. त्यांना ती म्हणाली, "पप्पा, आबा एवढी वर्सं खोटं का बोललं वो?"

चहा तसाच राहिला. विजयसिंहांनी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि तिच्यासमोर माझं डांबर उचकटलं. थर्माकोल बाहेर आला. छकुलीने तो बोटाने दाबून बघितला.

"मग खोटं कोन बोललं, पप्पा?"

ते उठले, ढाल घेऊन बारामतीला गेले, परत आले आणि वडिलांसमोर उभे राहिले. "आबा, चुकलं."

"ढाल दिलीस का माघारी?"

"व्हय."

"मग उभा का? च्या घे."

हंगाम संपल्यावर मनिषाताईंनी मला पुन्हा भरलं. जुन्या मापाच्या प्लेटा, खरं शिसं, खरं ॲसिड. ते शिसं माझं मूळचं नाही, आणि तसं विजयसिंहांनी बॉनेटच्या आत रंगाने लिहूनही ठेवलं आहे. वजन मात्र खरं आहे.

मग त्यांनी दत्तोबांना आणि मला जीपमधून डेअरीसमोर नेऊन उतरवलं आणि सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली. आप्पांनी बाह्या सरसावल्या, मला धरलं आणि कंबर धरून खाली बसले. आता लोक येता-जाता माझ्याकडे कौतुकाने बघतात. पण माझ्या पोकळ अंगापायी एक म्हातारा माणूस खोटा ठरला होता, ते काही केल्या विसरता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. रंग द्या, पुसा, मिरवा. पण आतलं काढून वरचं मिरवू नका. आतलं कोणी बघत नसलं, तरी त्याच्यावर कोणीतरी आपला शब्द पणाला लावून बसलेलं असतं.

हो, छकुलीचं राहिलंच. आप्पांनंतर तीही पुढे आली. तिने दोन्ही हातांनी मला ओढलं, पाय रोवून ओढलं. मी तसूभर हलले नाही. जन्मात कधी एवढी घट्ट बसले नव्हते. तिने हात झटकले, डेअरीच्या भिंतीला टेकवलेली काठी उचलली, आबांच्या हातात दिली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"आबा," ती म्हणाली, "किती लांब नेली हुती वो?"