उलटा पीळ

"हलू नको," म्हणत गोदाबाईनं दिराच्या पागोट्याच्या घडीत अडकलेला कापसाचा तंतू डाव्या हाताच्या चिमटीनं ओढून काढला. मग त्याचे खांदे झटकले, बंडीच्या शिवणी तपासल्या, धोतराचा सोगा उलटा करून पाहिला. पौषातल्या अमरावतीत अंगावर कापूस नसलेला माणूस दिसणं म्हणजे नवलच होतं. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेला एकाएकी वऱ्हाडाचा पुळका आला. तेव्हापासून रस्त्यात गाड्याच गाड्या, ओसऱ्यांवर ढीग आणि ताकाच्या भांड्यातसुद्धा तंतू.

"पुरे ना वयनी. नवरदेवासारखं सजवून राहिली मले," नत्थुजी कुरकुरला.

"एक तंतू जरी राहिला ना, तरी त्याले समजते तू कुठचा ते."

त्याला म्हणजे वातीबुवांना. अकोल्याच्या रस्त्यावर, गावाबाहेर त्यांचा मठ होता. सहा वर्षांपूर्वी तिथं चार खांबांची एक झोपडी होती. आता घडीव दगडांचा ओटा होता आणि सोमवारी शंभर पानं उठत होती. रीत साधी. प्रत्येकानं आपल्या घरच्या कापसाची, घरीच वळलेली एक वात न्यायची. बुवा डोळे मिटून ती बोटांत फिरवायचे, थोडी उकलायचे आणि काही न विचारता सांगायचे: तुझं गाव अमुक, यंदा तुमच्याकडं पाऊस उशिरा झाला, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे. माणूस जागच्या जागी लोटांगण घालायचा आणि गावी परत जाऊन दहा जणांना घेऊन यायचा. गोदाबाईनंही दोन वर्षं दर सोमवारी असली लोटांगणं घातली होती; नत्थुजी तिला फाटकापर्यंत सोडायचा, बुवांसमोर मात्र कधी आला नव्हता.

दिवाळीनंतर मात्र बिनसलं, आणि त्याचं कारण गोदाबाईचीच बोटं. कापसाच्या बाजारात ती निवडणीला जायची. एक दिवस समोर ओतलेल्या ढिगात हात घालत, मान वर न करता ती गाडीवानाला म्हणाली, "अंजनगावचा ना तू? यंदा पानी उशिरा पडलं तिकडं." गाडीवानानं तिथंच हात जोडले. "माय, तुमी तं वातीबुवाच झाल्या!" गोदाबाई हसली. हसता हसता थांबली. मग दोन दिवस तिला घास गोड लागला नाही.

तिनं नत्थुजीला सांगितलं, नत्थुजीनं चार जणांना सांगितलं, आणि बघता बघता मठाकडं पाठ फिरवलेले आठ-दहा जण जमले. त्यांच्यात असा उत्साह संचारला होता की विचारू नका. बुवांना भर सभेत उघडं पाडायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. शेजारच्या गल्लीतल्या अब्दुल गफ्फार पिंजाऱ्यानं सासुरवाडीहून, एलिचपूरहून, थोडा कापूस आणला होता, तो मागून घेतला. वात मात्र गफ्फारच्या बायकोकडून, आमिनाकडून वळून घेतली.

"तू वळू नको वयनी," नत्थुजी म्हणाला होता. "तू डावखुरी. तुह्या वातीले उलटा पीळ पडते. आंधळाही ओळखन."

हे खरंच होतं. सासरी आली तेव्हा त्या उलट्या पिळावरून सासूनं तिला किती बोल लावले होते. ती बधली नाही. उलट आपल्या लेकीला, रुख्मिणीलाही, तिनं तसंच वळायला शिकवलं.

आणि खरी गोम तिथंच होती. बाकीच्यांना बुवांची फजिती बघायची होती; गोदाबाईला मात्र एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता. तीन वर्षांपूर्वी, अंगाला हळद लागलेली असताना, रुख्मिणी एका गाडीवानाबरोबर निघून गेली. महिन्याभरानं परत आली आणि दारात उभी राहून "माय" म्हणाली. गोदाबाईचा नवरा आत एका कडेला बसून होता. गोदाबाईनं कडी काढली नाही. पुढं नवरा गेला. ती न काढलेली कडी मात्र तिच्या छातीवर तशीच राहिली. अशात ती पहिल्यांदा मठात गेली. बुवांनी तिची वात हातात घेतली, उकलता उकलता त्यांची बोटं थांबली आणि ते हळूच म्हणाले, "पोर सुखात हाये." तिनं पोरीचं नावही काढलं नव्हतं. त्या तीन शब्दांवर तिनं दोन वर्षं काढली होती. आता बुवा नुसता कापूस वाचत असतील, तर हे कुठल्या कापसात लिहिलं होतं? ते खोटं निघालं तर तिच्याकडं उरणार काय? तरी तिला ते कळायलाच हवं होतं.

मठाचं अंगण भरलं होतं. नत्थुजी लांबून चालून आल्यासारखा लंगडत पुढं गेला, तेव्हा गोदाबाईला हसू आवरेना. बुवांनी वात घेतली, डोळे मिटले.

"एलिचपूरकडून आला तू," ते म्हणाले. "डोंगराच्या पायथ्याची बरड जमीन. घरात पिंजायचा धंदा दिसते. लांबची वाट चालून थकला असशीन, बापू."

"थकलो तं महाराज!" नत्थुजी ओरडला. "गावातूनच आलो ना! जलम अमरावतीत गेला माहा. एलिचपूर म्या पाह्यलंसुदिक नाई!"

अंगणात एकच हशा उसळला. मागून कोणी शिट्टी मारली, कोणी "वात बदलली, वात बदलली" म्हणून नाचायला लागलं. जुने भक्त चिडून उठले, नवे एकमेकांची तोंडं पाहू लागले. बुवांनी डोळे उघडले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वात पुन्हा बोटांत चोळली आणि मान डोलावली.

"गफ्फारचा हाये का कापूस? तरीच. त्याच्या पिंजायच्या धनुकलीचा ठोका जरा हलका पडते."

"म्हणजे देव नाई सांगत तुमाले?" नत्थुजीनं विचारलं.

"कापूस सांगते. वीस वर्सं एका पेढीवर पारखी होतो मी. देवाचं नाव तुमी काढलं."

"मंग देव नाई सांगत, असं तुमी कावून नाई म्हणलं?"

बुवांनी बसल्या ओट्यावरून हात फिरवला. "नाई म्हणलो असतो, तं हा ओटा झाला नसता," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर कोणालाच अपेक्षित नव्हतं. गलका दुप्पट झाला. त्या गलक्यातून वाट काढत गोदाबाई पुढं आली. पदर खोचलेला.

"अन् माह्या पोरीचं?" तिनं विचारलं. "पोर सुखात हाये म्हणे. ते कोन्या कापसात दिसलं तुमाले?"

"तिच्याच," बुवा म्हणाले.

गोदाबाई ओट्याच्या आणखी जवळ सरकली.

"तुमची वात पहिल्यांदा हाती आली अन् बोटं थांबली माही. उलटा पीळ. सगळ्या वऱ्हाडात तसा पीळ म्या आनखी एकाच पोरीच्या वातीले पाह्यला होता. दर संक्रांतीले येते ती."

"दोन वर्सं!" गोदाबाई किंचाळलीच. "दोन वर्सं मी तुमच्या समोर बसत होती. सांगतलं कावून नाई?"

"तिनं शपथ घातली होती. माय आपल्या तोंडानं इचारन तवाच सांगा म्हणे." बुवांनी मान खाली घातली. "मी तेवढे तीन शब्द टाकले, का आता तरी इचाराल. तुमी दर सोमवारी आल्या अन् पाया पडून गेल्या. इचारलं आज."

हशा केव्हाच विरला होता. बुवांनी उशाखालून एक पुडकं काढलं आणि त्यातली एक न लावलेली वात तिच्या हातावर ठेवली.

"या संक्रांतीची. ती नाई आली यंदा, नवऱ्याच्या हाती धाडली. कावून ते त्यानं सांगतलं नाई. तिचं गाव..."

"सांगू नका!"

गोदाबाईनं हात वर केला. खाली बसली. वात डाव्या हातात धरून तिनं पीळ सोडवायला घेतला, आणि तो बरोबर तिच्याच बोटांच्या वळणानं सुटत गेला. तंतू आखूड, किंचित मळकट. तिनं एक तंतू जिभेवर ठेवला. "खारपाणाचा, खाऱ्या पान्याच्या पट्ट्यातला," ती पुटपुटली. "पूर्णेकाठचा. दर्यापूरचा याहून लांब निघते... दहीहंडा. दहीहंड्याकडचा हाये!"

बुवांनी मान डोलावली. मागं कुणीतरी सवयीनं हात जोडले आणि आपल्याच हातांकडं पाहून खाली सोडले.

मग गोदाबाईनं वात नाकाशी नेली. एकदा हुंगली, पुन्हा हुंगली. तिचे डोळे एकदम भरून आले आणि ती हसायला लागली, लहान पोरीसारखी, पदर तोंडाला लावून.

"काय झालं?" बुवांनी पुढं वाकून विचारलं. ही गोष्ट त्यांच्या बोटांतून निसटली होती हे स्पष्ट होतं. "मले तं निस्ता कापूस वाटला."

या वेळी ती पाया पडली नाही. वात पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि उठली.

"भाऊजी, गाडी जुंपा."

"आत्ता? दहीहंड्याले? वयनी, दोन दिवसांची वाट हाये!"

"म्हणून तं आत्ताच." ती अंगण ओलांडून जवळजवळ पळतच निघाली होती. फाटकाशी पोचल्यावर मागं वळून ओरडली, "अन् दर्यापुरात थांबू जरासे. खोबरं घ्याचं हाये, बाळंतिणीच्या लाडवाले डिंक घ्याचा हाये. वेखंडाचा वास येऊन राहिला वातीले!"