त्सोना आजीच्या निधनाचा फोटो मी काढला

मित्रांनो, माणसाने आगीचा शोध लावला, चाकाचा लावला, आणि या दोन्हींनी घातलेला गोंधळ निस्तरण्यासाठी शेवटी माझा लावला. माझ्यातल्या पसाभर अकलेवर पूर्वी चंद्रावर माणूस धाडला होता म्हणतात. मी एक जुना मोबाईल आहे, आणि सध्या एका मेलेल्या म्हातारीच्या हाताखाली, खिळे ठोकलेल्या पेटीत पडून आहे.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या कारखान्यात झाला. तिथून मी बल्गेरियात आलो आणि व्रात्सातल्या एका दुकानात काचेमागे बसलो. माझी किंमत सांगायला लाज वाटते. एक लेव. पाव त्याहून महाग होता. उरलेली किंमत करारात दडली होती, करार दोन वर्षांचा होता, आणि तो वाचायचा चष्मा त्सोना आजी घरी विसरून आली होती.

"सही इथे, इथे आणि इथे," दुकानातली मुलगी म्हणाली.

"एका लेवासाठी तीन सह्या? माझं लग्न एका सहीत झालं होतं."

"मग सुटलात का त्यातून?"

"सुटले की. तो मेला तेव्हा."

दोघी हसल्या. मीही चकाकलो.

आजीने मला घेतले ते मुलासाठी. रुमेन स्पेनमध्ये संत्री खोक्यांत भरायचा आणि कित्येक वर्षांत घरी फिरकला नव्हता. दर रविवारी तो माझ्यात दिसे. दिसण्याआधी आजी डोक्यावरचा रुमाल नीट करी. त्याच्याच सांगण्यावरून तिने माझ्यात सकाळचा गजर लावला, रक्तदाबाच्या गोळीचा. तिने माझ्यासाठी लोकरीचे अंगरखे विणले आणि मला संत निकोलासच्या तसबिरीशेजारी जागा दिली. गावातल्या बायका मला बघायला येत. ते माझे सुखाचे दिवस.

मग गावातली शाळा बंद पडली, कारण मुलेच उरली नव्हती. तिथली झाडलोट आजी करायची. आता नुसते पेन्शन राहिले, आणि त्यात एकतर मी बसत होतो नाहीतर हिवाळ्याची लाकडे. आजी मला रुमालात बांधून दुकानात घेऊन गेली.

"हा परत घ्या."

"आजी, फोन परत दिलात तरी करार राहतो."

"फोनच नाही तर करार कशाचा?"

"कराराचा. मुदतीआधी सोडायचा तर उरलेले सगळे हप्ते एकदम भरा."

"ते असते तर सोडला कशाला असता?"

"बरोबर आहे," मुलगी म्हणाली. ती मनाची वाईट नव्हती. तिने आजीला पुदिन्याची गोळी दिली.

"आणि मी मेले तर?"

"मग काहीच भरायचं नाही. घरच्यांनी येऊन कळवायचं, बस. ती सोय आमची फार चांगली आहे."

ही सोय आजीने शेजारच्या मेतोदीला सांगितली. तो जुना ट्रॅक्टरवाला, आजीच्या नवऱ्याचा दोस्त. आमच्या गावात डॉक्टर म्हणाला म्हणून कोणी मरत नाही. दारावर, बसथांब्यावर आणि विजेच्या खांबावर फोटोसकट निधनाचा कागद लागला की माणूस मेला. मग चाळीस दिवस झाले, वर्ष झाले, दहा वर्षे झाली, की कागद पुन्हा नवा लागतो. गावात जिवंत माणसांपेक्षा भिंतीवरची जास्त आहेत.

"वहिनी, कागद लावू," मेतोदी म्हणाला. "त्यातलाच एक घेऊन मी दुकानात जातो, रडतो आणि करार मोडून येतो."

"तुला रडता येतं?"

"कांदा नेतो."

कागदावरचा फोटो मीच काढला. माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम काम.

"हसू का?" आजीने विचारले.

"मेल्यावर हसता कशाला?"

"करार सुटला म्हणून."

करार सुटला नाही. दुकानातल्या मुलीने कागद बघितला, मेतोदीला पाणी दिले आणि म्हणाली, "काका, नगरपालिकेचा दाखला लागतो. दारावरचा चालत नाही."

तिथे चालला नाही, पण गावात मात्र तो छान चालला. पेन्शन घरपोच आणणाऱ्या गिन्काने बसथांब्यावर आजीचा चेहरा पाहिला, क्रूसाची खूण केली आणि पेन्शन आल्या पावली परत पाठवले. दुसऱ्या दिवशी बायका मेलेल्याच्या नावाने वाटतात तो उकडलेला गोड गहू घेऊन दाराशी जमल्या. आजी पडद्याआड ऐकत होती.

"चांगली होती बिचारी."

"चिकट होती."

"चिकट होती खरी. पण आता गेली."

आजीने दार उघडले, वाडग्यातला गहू चमचाभर चाखला आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा चिकट दिसतेस. साखर कुठाय?"

पेन्शन पुन्हा सुरू करायला जिवंत असल्याचा दाखला हवा होता. तो मिळवण्यात थंडी अर्धी सरली. तोवर लाकडे आली नाहीत.

त्याच दिवसांत एकदा रुमेनचा फोन आला, रविवार नसताना. माझी कलाकृती कोणीतरी त्याला धाडली होती. मेतोदी उचलेल असे त्याला वाटले असावे.

"हॅलो," आजी म्हणाली.

पलीकडे संत्र्यांचे खोके पडल्याचा आवाज आला. मग, "आई?"

"हो रे. त्या कागदाचं खरं धरू नकोस. करारापायी केलं ते." तिने त्याला कांद्याचीही गोष्ट सांगितली. तो हसला, आणि हसता हसता नाक ओढू लागला.

"मी विमानाचं तिकीट काढलंय. गुरुवारचं."

आजीचा चेहरा मी फार जवळून पाहिला आहे. तसा तो पुन्हा कधी दिसला नाही. "मग ये की. मिरच्या भाजून ठेवते."

"पण तू तर आहेस ना," रुमेन म्हणाला. "मालकानं रजा दिली ती अंत्यविधीची. आई जिवंत आहे म्हणून कोण रजा देतं? बघतो, तिकीट परत घेतात का."

आजीने रुमाल नीट केला. "लगेच नको देऊस परत. गुरुवारपर्यंत वेळ आहे. बघते काय जमतं ते."

तो पुन्हा हसला. आजीही हसली, जरा उशिराने.

गुरुवारपर्यंत काही जमले नाही. फेब्रुवारीत जमले. विझलेल्या चुलीपाशी, खोकता खोकता.

मेतोदीकडे जुने कागद उरले होते. त्याने पेनाने तारीख बदलली आणि तेच चिकटवले. बायका थांब्यावरून जाताना म्हणाल्या, "म्हातारीनं परत करार केला वाटतं." गहू कोणी उकडला नाही.

मेतोदीने माझ्यावरून स्पेनला फोन लावला. तो खरोखर रडत होता.

"कांदा चांगला आहे काका," रुमेन म्हणाला. "आईला सांग, या खेपेला मी फसायचा नाही. रविवारी बोलू."

मेतोदी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला आजीच्या हाताखाली सरकवले. "घ्या वहिनी," तो म्हणाला. "रविवारी बोला." आणि झाकण लावले.

दफनभूमी टेकडीवर असल्याने इथे रेंज घरापेक्षा बरी आहे. कंपनीचा संदेश आला: आदरणीय ग्राहक, आपला हप्ता थकला आहे. रविवारी रुमेनचाही फोन आला. मी त्याचा चेहरा उजळून अंधारात दाखवत राहिलो. त्याने दोनदा लावला. बहुधा आजी रुसली असेल असे त्याला वाटले असावे.

तेव्हा मित्रांनो, वस्तू जपून वापरा. आमची काच पुसा, आम्हाला ओलीत ठेवू नका, सही करताना चष्मा जवळ बाळगा. माणसांना कसे जपायचे ते मला ठाऊक नाही. त्यांची मुदत कुठे छापलेली मी तरी पाहिली नाही.

माझ्यात अजून पावभर जीव आहे. तो असेतो एक लहानशी विनंती. तो सकाळचा गोळीचा गजर तेवढा कोणीतरी बंद करा. आजी काही उठत नाही, आणि शेजारच्या थडग्यावर फुले ठेवायला येणारी बाई रोज दचकते.