पेटीवरचं नाव

"कुमारी कौशल्या नत्थुजी गावंडे, आठवीत पहिली," हेडमास्तर मोरोपंतांनी पुकारलं आणि बायकांच्या सतरंजीवर बसलेली कौशल्या चटकन उभी राहिली.

टाळ्या सुरू झाल्या आणि अडखळल्या. पुढच्या रांगेतून तिची धाकटी बहीण सत्यवतीही उठली होती. टाळ्या होत्या सत्यवतीसाठी. कौशल्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने शेजारची कळशी उचलली आणि पाणी वाटायलाच उठल्यासारखी ती मंडपाबाहेर गेली.

आठ वर्षांपूर्वी बापाने कौशल्याला पहिलीत घातलं होतं. दोन महिने झाले आणि घरात भाऊ जन्मला. आई वावरात जायची, पोराला कडेवर घ्यायला थोरलीच हवी. मास्तर नाव कापायला निघाले तेव्हा नत्थुजी म्हणाले होते, "नाव कायले कापता? हे नाई येत तं धाकटीले पाठोतो." मास्तरांनाही हजेरीपटावरचा आकडा सांभाळायचा होता. तेव्हापासून सत्यवती घरात सत्यवती आणि शाळेत कौशल्या. गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. कौशल्याला वाटायचं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

निरोप समारंभ आटोपल्यावर मोरोपंतांनी नत्थुजींना ऑफिसात बोलावलं. दोन्ही पोरी दाराशी उभ्या राहिल्या.

"दाखला लिहायला घेतोय," मोरोपंत म्हणाले. "अमरावतीच्या हायस्कुलात हे नाव चढलं की जन्माचं झालं. बदलायचं असेल तर आजच अर्ज द्या. मात्र कागद फिरून येईपर्यंत धाकटीचं एक वर्ष जाईल."

नत्थुजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कौसे, तू काय म्हनतं? दिवाळीनंतर तुयं लगन हाय. सासरी नवं नाव ठेवतीनच. मंग जुनं कायले पायजे?"

बदला, हा शब्द तिच्या जिभेवर आला. एक वर्ष जात असेल तर जाऊ दे, माझी आठ गेली. सत्यवतीच्या गळ्यात अजून झेंडूचा हार होता आणि तो ओढून तोडावा असं तिला मनापासून वाटत होतं.

"मी थांबतो एक वर्ष," सत्यवती हळूच म्हणाली. "तुयं हाय, कौसाबाई. पायजे असन तं घे."

कौशल्याला वाटलं, मोठ्या मनाचं व्हायलासुद्धा हिलाच मिळावं?

"नाई," ती म्हणाली. "मले काय कराचं हाय."

जूनमध्ये अमरावतीला मामांकडे राहायला सत्यवती निघाली. तिच्यासाठी पत्र्याची पेटी आणली होती आणि रंगाऱ्याने तिच्यावर पांढऱ्या अक्षरात शाळेतलं पूर्ण नाव काढलं होतं. त्या सकाळी घरात कुणी नसताना कौशल्या खिळा घेऊन पेटीसमोर बसली. पहिल्या अक्षरावर तिने खिळा टेकवलासुद्धा. पण पहिलीतल्या मास्तरांनी पाटीवर गिरवायला दिलेलं तेच एक नाव तिला वाचता येत होतं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, तेवढं राहिलं होतं. ती कितीतरी वेळ नुसतीच वाचत बसली. मग खिळा तिने चुलीत टाकला.

मोटार आली तेव्हा फाट्यावर सगळा फुफाटा उडाला. पेटीवर धूळ बसली. कौशल्याने पदराने नावापुरती जागा पुसली आणि दोन्ही हातांनी पेटी वर दिली.

टपावरून कंडक्टरने नाव वाचलं. "कौशल्या गावंडे कोन हाय?"

सत्यवतीने मान खाली घातली. नत्थुजी चप्पल शोधल्यासारखे पायाकडे बघू लागले.

कौशल्याने बहिणीच्या पाठीला हात लावून तिला दाराकडे सरकवलं.

"हे व्हय," ती म्हणाली. "पुढं जागा द्या तिले."